मोठ्या वयातलं स्कोलिओसिसचं फ्यूजन: हो म्हणायचं की नाही, हे कसं ठरवायचं

शाळकरी वयातल्या मुलीला स्कोलिओसिस, म्हणजे पाठीच्या कण्याला बाजूला आलेला बाक, असला की तिच्या आईवडिलांना घाई करावी लागते, कारण उंची वाढतेय तोवर बाकही झपाट्याने वाढू शकतो. प्रौढ माणसाचं तसं नसतं. हाडांची वाढ थांबलेली असते, बाक वाढलाच तर सहसा हळूहळू वाढतो. फ्यूजनचं, म्हणजे मणके एकमेकांना कायमचे जोडण्याचं, ऑपरेशन या महिन्यात केलं काय किंवा सहा महिन्यांनी केलं काय, बहुतेकांच्या बाबतीत निकालात फारसा फरक पडत नाही. तेव्हा ‘लवकर ठरवा’ असं कुणी म्हणत असेल, तर आधी त्याचं कारण विचारा.

अपवाद आहेत, आणि ते आधीच सांगितलेले बरे. पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, चालताना पाऊल घासतंय, लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटलाय, जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आलाय, यातलं काहीही असेल तर पुढे वाचत बसू नका. आजच्या आज हॉस्पिटल गाठा.

बाकीच्यांनी सावकाश वाचावं.

पहिली पायरी: आपला स्कोलिओसिस कोणत्या जातीचा

प्रौढांमध्ये मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक, किशोरवयात सुरू झालेला आणि तसाच राहिलेला किंवा हळूहळू वाढत गेलेला बाक. तो बहुधा छातीच्या भागात किंवा छाती-कंबर मिळून असतो. दुसरा, साधारण पन्नाशीनंतर नव्याने तयार झालेला. यात मणक्यांमधल्या गाद्या आणि मागचे छोटे सांधे एका बाजूने जास्त झिजतात, कंबरेचा कणा त्या बाजूला कलतो आणि सोबत नसा दबायला लागतात. पहिल्यात पाठदुखी आणि दिसणं या तक्रारी पुढे असतात. दुसऱ्यात पायात जाणारी कळ, मुंग्या, थोडं चाललं की बसावंसं वाटणं, हे जास्त. दोघांच्या एक्स-रेवरचे अंश सारखे असले तरी ऑपरेशन सारखं नसतं, धोकेही सारखे नसतात. इंटरनेटवर कुणाचा अनुभव वाचताना ही जात आधी बघा. पंचविशीतल्या मुलीचं छातीच्या बाकाचं ऑपरेशन आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईंचं त्रिकास्थीपर्यंत (कंबरेच्या मणक्यांखालचं, माकडहाडाच्या वरचं रुंद हाड) जाणारं ऑपरेशन यांची तुलना करून काहीच हाती लागत नाही.

दुसरी पायरी: नेमकी तक्रार एका वाक्यात लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. ‘मला स्कोलिओसिस आहे’ ही तक्रार नव्हे. ‘दहा मिनिटं उभं राहिलं की कंबर धरते आणि स्वयंपाक अर्धवट सोडावा लागतो’ ही तक्रार. ‘डाव्या पायात गुडघ्याखाली कळ जाते’ ही तक्रार. ‘संध्याकाळपर्यंत मी पुढे झुकत जातो, भिंतीला हात लावल्याशिवाय चालवत नाही’ हीसुद्धा. ‘कपडे नीट बसत नाहीत, पाठीवरचा उंचवटा दिसतो’ हीदेखील खरी तक्रार आहे. ती सांगायला लाजण्याचं कारण नाही, आणि डॉक्टरांपासून ती लपवून पाठदुखी पुढे करणं तर चुकीचंच. ‘आज काही त्रास नाही, पण म्हातारपणी काय होईल’ ही भीतीही वेगळी लिहा.

हे वेगळं का करायचं? कारण ऑपरेशन या प्रत्येक गोष्टीवर सारखं चालत नाही.

पायात जाणारी कळ नस दबल्यामुळे असेल आणि एमआरआयमध्ये तीच नस, त्याच बाजूला दबलेली दिसत असेल, तर ती मोकळी केल्यावर आराम पडण्याची शक्यता चांगली. पुढे किंवा बाजूला झुकल्यामुळे येणारा थकवा आणि दुखणं, कणा तोलात आणल्यावर बऱ्याचदा लक्षणीय कमी होतं. नुसती, पसरलेली पाठदुखी मात्र बेभरवशाची. ती कमी होऊ शकते, पण पूर्ण जाईल असं कुणी सांगत असेल तर सावध व्हा. पाठ स्कोलिओसिस नसलेल्यांचीही दुखते, आणि त्यातला कोणता वाटा बाकाचा हे एक्स-रे सांगत नाही. दिसण्यात सुधारणा होते. ती किती, हे बाक किती लवचीक उरलाय त्यावर. श्वासाचं म्हणाल तर छातीचा बाक ८० अंशांच्या पुढे गेला की दम लागण्याचा धोका वाढतो. ४५ अंशांच्या बाकाला दम लागण्याचं कारण ठरवण्याआधी फुप्फुसांची तपासणी करून घ्या.

आणि भविष्याची भीती? तिच्यावर थोडी ठोस माहिती आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी किशोरवयीन स्कोलिओसिसवर कधीच उपचार न झालेल्या लोकांचा सुमारे ५० वर्षं मागोवा घेतला आणि २००३ साली निष्कर्ष मांडले. आयुर्मानात इतरांपेक्षा ठळक फरक नव्हता. जुनाट पाठदुखी मात्र ६१ टक्क्यांना होती, तर स्कोलिओसिस नसलेल्या गटात ३५ टक्क्यांना. म्हणजे त्रास होतो हे खरं, पण ‘ऑपरेशन केलं नाही तर अंथरुणाला खिळाल’ हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. त्याच संस्थेच्या आधीच्या, १९८३ च्या अभ्यासात दिसलं की वाढ थांबल्यावर ३० अंशांखालचे बाक सहसा तिथेच राहतात, आणि छातीतले ५० ते ७५ अंशांचे बाक सगळ्यात जास्त, वर्षाला १ अंशाच्या आसपास वाढतात. तिशीतल्या माणसाला ५५ अंशांचा बाक असेल तर पुढच्या तीस वर्षांचा हिशोब करण्यात अर्थ आहे. २८ अंशांच्या बाकाला भविष्याच्या भीतीने कापणं मला पटत नाही.

तिसरी पायरी: एक्स-रेतले आकडे समजून घ्या, पण त्यांच्या आहारी जाऊ नका

बाकाचा अंश म्हणजे कॉब अँगल. तो मोजण्यातच पाचेक अंशांची चूक होऊ शकते. दोन डॉक्टर, दोन रेषा, दोन उत्तरं. त्यामुळे गेल्या वर्षी ४२ आणि यंदा ४५, यावरून ‘वाढला’ असं म्हणता येत नाही. जुने एक्स-रे, अगदी शाळेतल्या वयातले असले तरी, शोधून काढा. दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने काढलेले दोन एक्स-रे शेजारी ठेवले की जे कळतं ते कुठल्याही एका महागड्या तपासणीत कळत नाही.

दुसरा आकडा बाजूने काढलेल्या एक्स-रेतला. तो पूर्ण कण्याचा, उभ्याने काढलेला हवा. मानेपासून सरळ खाली सोडलेली रेषा त्रिकास्थीच्या वरच्या मागच्या कोपऱ्यापासून किती पुढे पडते, ते त्यात मोजतात. ५ सेंटिमीटरच्या पुढे गेली तर माणूस पुढे झुकलेला. प्रौढांच्या वेदनेशी आणि हालचालीशी समोरून दिसणाऱ्या बाकापेक्षा या झुकण्याचा संबंध जास्त घट्ट असतो. वय वाढेल तशी थोडी सूट धरतात. सत्तरीत विशीतल्यासारखा कणा करायचा हट्ट उलटा पडतो.

हे शहाणपण महागात पडून आलंय. पॉल हॅरिंग्टन यांनी १९६२ साली धातूच्या रॉडने कणा सरळ करायची पद्धत प्रसिद्ध केली. तिने हजारो मुलांचे बाक सरळ झाले. पण रॉड कणा ताणून सरळ करायचा, आणि कंबरेत असायला हवा तो नैसर्गिक आतला बाकही त्यात सपाट व्हायचा. अशा अनेकांना पुढे चाळिशी-पन्नाशीत सरळ उभं राहणं जमेना. तेव्हा सर्जन तुम्हाला फक्त समोरून काढलेला, सरळ झालेल्या कण्याचा फोटो दाखवत असतील, तर बाजूचाही मागा.

यासोबत वाकून काढलेले एक्स-रे, एमआरआय आणि गरजेनुसार सीटी स्कॅन लागतात. हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन राहून जातो. तो राहू देऊ नका.

चौथी पायरी: ऑपरेशनशिवायचे उपाय खरोखर करून झालेत का

चार दिवस व्यायाम आणि एक मलम, याला ‘सगळं करून बघितलं’ म्हणत नाहीत. पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंचा जाणत्या फिजिओथेरपिस्टकडून शिकलेला व्यायाम काही महिने नियमाने, वजन जास्त असेल तर ते कमी करणं, झोप आणि उदासी यांच्याकडे लक्ष, गरज पडल्यास औषधं, आणि नस दबलेली असेल तर त्या नसेच्या मुळाशी इंजेक्शन. इंजेक्शनने बाक सुधारत नाही. पण ते कामाचं असतं दुसऱ्याच कारणाने: ठरावीक नसेजवळ दिल्यावर कळ काही दिवसांपुरती का होईना थांबली, तर त्रास तिथूनच येतोय याचा पुरावा मिळतो. पट्टा तात्पुरता आधार देतो. मोठ्या वयात तो बाक सरळ करत नाही, आणि कायम वापरला तर स्नायू आळसावतात.

२०१९ साली प्रसिद्ध झालेला उत्तर अमेरिकेतला एक अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. त्यात ४० ते ८० वयातले, कंबरेचा त्रासदायक स्कोलिओसिस असलेले लोक होते. ऑपरेशन झालेल्यांमध्ये दोन वर्षांनी बरीच सुधारणा होती. न केलेल्यांचं सरासरीने ना बरं झालं ना बिघडलं. पण चिठ्ठी टाकून ‘ऑपरेशन नको’ या गटात गेलेल्यांपैकी ६४ टक्क्यांनी पुढे ऑपरेशन करून घेतलंच. आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी दर सात जणांमागे साधारण एकावर दोन वर्षांच्या आत पुन्हा टेबलावर जायची वेळ आली. मी हे असं वाचतो: आजची अवस्था तुम्हाला चालण्यासारखी असेल तर थांबल्याने लगेच काही हातचं जात नाही. आजची अवस्थाच असह्य असेल, तर नुसतं थांबून ती सुधारेल अशी आशा फारशी नाही.

पाचवी पायरी: नेमकं काय करणार, ते सर्जनकडून वदवून घ्या

फ्यूजनमध्ये मणक्यांत स्क्रू बसवतात, ते रॉडने जोडून कणा शक्य तितका तोलात आणतात, आणि मणक्यांवर हाडाचा चुरा पसरतात. पुढच्या ६ ते १२ महिन्यांत, कधी त्याहून जास्त काळात, ते मणके मिळून एक हाड होतं. धातूचं काम हाड जुळेपर्यंतचं. हाड जुळलंच नाही तर रॉडवर रोज ताण येत राहतो, आणि वरखाली वाकवत राहिलेली तार तुटावी तसा तो वर्ष-दोन वर्षांनी तुटू शकतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: कुठून कुठपर्यंत? छातीचे मणके मुळातच कमी हलतात. तिथे जोडले तर रोजच्या जगण्यात फरक कमी जाणवतो. कंबरेचे खालचे मणके सगळ्यात जास्त वाकतात. फ्यूजन एल-३ ला (कंबरेच्या वरून तिसऱ्या मणक्याला) थांबलं तर बरीच लवचीकता शिल्लक राहते. ते त्रिकास्थीपर्यंत गेलं आणि कटीच्या हाडातही स्क्रू बसले, तर कंबरेतून वाकणं जवळजवळ संपतं, जे काही वाकायचं ते मांडीच्या सांध्यातून. याचा अर्थ मोजे घालणं, पायाची नखं कापणं, जमिनीवर बसून उठणं, आणि ज्याबद्दल ओपीडीत कुणी बोलत नाही ते: संडासनंतर स्वच्छता करणं. हात मागे पोचत नाही अशी अडचण काहींना येते. लांब दांड्याची साधनं, पाण्याचा फवारा यांनी ती सुटते, पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा कळण्यापेक्षा आधी माहीत असलेलं बरं. एक सोपा प्रयोग करा: दोन दिवस कंबर अजिबात न वाकवता, न वळवता घरातली सगळी कामं करून बघा. मांडीचे किंवा गुडघ्याचे सांधे आधीच खराब असतील तर हा प्रयोग दुप्पट गंभीरपणे घ्या.

फ्यूजन खाली कुठे थांबवायचं यावर दोन चांगल्या सर्जनचं मत वेगळं असू शकतं. लहान केलं तर खालची गादी पुढे झिजून दुसरं ऑपरेशन लागू शकतं, मोठं केलं तर हालचाल आत्ताच जाते. म्हणून दुसरं मत घ्या, आणि ते दुसऱ्या संस्थेतल्या, प्रौढांच्या कण्याच्या विकृतीवर नेमाने काम करणाऱ्या सर्जनकडून घ्या. पहिल्या सर्जनला राग येईल ही भीती सोडा. राग आलाच, तर तीही एक माहितीच.

भेटीला एखादं घरचं माणूस सोबत न्या आणि हे विचारा: माझ्यासारख्या वयाच्या किती रुग्णांचं असं ऑपरेशन तुम्ही वर्षाला करता? नुसती नस मोकळी करून, किंवा एक-दोनच मणके जोडून माझं काम भागेल का? हाड कापून कोन बदलावा लागणार आहे का? एका बैठकीत होईल की दोन? ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जू आणि नसांवर यंत्राने लक्ष ठेवलं जातं का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर मिळालं तर मी दुसरीकडे जाईन.

छोटा उपाय भागेल का, हा प्रश्न सुटसुटीत नाही. बाक स्थिर असेल आणि त्रास एकाच नसेचा असेल, तर छोटं ऑपरेशन चांगलं काम करतं. पण आधीच घसरत चाललेल्या कण्यात बऱ्याच मणक्यांचं मागचं हाड काढलं की तो आणखी ढासळू शकतो.

सहावी पायरी: धोक्यांची यादी स्वतःला लागू करून वाचा

प्रौढांच्या मोठ्या फ्यूजनमध्ये छोट्यामोठ्या सगळ्या गुंतागुंती मोजल्या तर त्या किमान तिघांत एकाला होतात. साठीनंतर, लांबलचक आणि हाड कापून केलेल्या ऑपरेशनात अर्ध्याहून अधिक जणांनाही होतात. बऱ्याचशा सुधारता येण्यासारख्या असतात: नसांवरचं आवरण फाटणं, जंतुसंसर्ग, रक्त जास्त जाणं, पायात रक्ताची गुठळी. पायात नवी अशक्तता येऊ शकते. पुष्कळांची काही महिन्यांत भरून येते, काहींची राहते. हाड न जुळणं आणि रॉड तुटणं वर आलंच. आणखी एक खास प्रौढांचा त्रास म्हणजे जोडलेल्या भागाच्या लगेच वरचे मणके पुढे झुकून पोक येणं. एक्स-रेवर तो बऱ्याच जणांत दिसतो, ऑपरेशन करावं लागेल इतका त्रास त्यातल्या थोड्यांना होतो. मृत्यू आणि लकवा दुर्मीळ आहेत, शून्य नाहीत.

‘माझ्या बाबतीत यातले कोणते तीन धोके तुम्हाला जास्त वाटतात?’ असं विचारा. छापील संमतिपत्रापेक्षा या उत्तराने जास्त कळतं.

सातवी पायरी: शरीर तयार करा, मग तारीख घ्या

निकोटिन हाड जुळू देत नाही. सिगारेट, विडी, तंबाखू, मिश्री, आणि हो, निकोटिनच्या गोळ्या आणि पट्ट्यासुद्धा. ऑपरेशनच्या किमान ४ ते ६ आठवडे आधी बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. कित्येक सर्जन रक्त किंवा लघवी तपासूनच तारीख देतात, आणि ते योग्य करतात.

डेक्सामध्ये टी-स्कोर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ आहेत, त्यांत स्क्रू नीट पकड घेत नाहीत. काही महिने हाड बांधणारी औषधं घेऊन मग ऑपरेशन करणं हा वेळेचा अपव्यय नव्हे. ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, आहारातली प्रथिनं, सगळं आधी जागेवर आणा. रक्त पातळ करणाऱ्या आणि वेदनाशामक गोळ्यांची पूर्ण यादी द्या. रोज तीव्र वेदनाशामकं लागत असतील तर ती आधी कमी करता येतात का बघा, नाहीतर ऑपरेशननंतर वेदना आवरणं अवघड जातं. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तोही सांगा. फ्यूजननंतर गरोदरपण शक्य असतं, पण कंबरेतून भूल देणं कठीण होऊ शकतं.

आठवी पायरी: वर्ष मोकळं ठेवा

हॉस्पिटलात साधारण आठवडा, मोठं ऑपरेशन असेल तर जास्त. दुसऱ्या दिवसापासून उठवून चालवतात. पहिले तीन महिने वाकणं, वळणं, वजन उचलणं बंद. बैठं काम सहा आठवडे ते तीन महिन्यांत अर्धवेळ सुरू करता येतं, कष्टाच्या कामाला सहा महिने किंवा त्याहून अधिक, आणि काही कामं कायमची सोडावी लागतात. खरा निकाल वर्षाने कळतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘उगाच केलं’ असं वाटणं अगदी नेहमीचं आहे. पहिले दोन आठवडे रात्रंदिवस कुणीतरी सोबत लागतं. ते माणूस कोण, हे नाव घेऊन ठरवा. ‘बघू, होईल’ यावर सोडू नका.

शेवटचा निर्णय

दुसऱ्या पायरीत लिहिलेल्या वाक्यासमोर सर्जनला विचारा: हे किती सुधारेल, आणि त्या बदल्यात काय जाईल? मग स्वतःला विचारा: तक्रार निम्मी झाली, कंबर कडक झाली, आणि पुढेमागे आणखी एक ऑपरेशन लागलं, तरी मी हे केलं असतं का? उत्तर हो असेल तर तयारीला लागा. ‘सगळं बरं झालं तरच’ असं असेल तर अजून वेळ आलेली नाही.

‘आत्ता नको’ म्हणालात तर तोही पाळायचा निर्णय आहे. बाक ५० अंशांच्या पुढे असेल किंवा कंबरेचा कणा सरकत असेल तर एक-दोन वर्षांनी, लहान आणि स्थिर असेल तर तीन ते पाच वर्षांनी, उभ्याने पूर्ण कण्याचा एक्स-रे काढा. शक्यतो त्याच ठिकाणी. व्यायाम आणि हाडांची औषधं चालू ठेवा. चालण्याचं अंतर कमी होत गेलं, पायात अशक्तता जाणवली, किंवा मोजमापातल्या चुकीपलीकडे बाक वाढलेला दिसला, तर पुढच्या एक्स-रेची वाट न बघता पुन्हा भेट घ्या.